वैरायला कुणीतरी

कढईतल्या ताकपाण्याला उकळी फुटली तसे रतनराव दोन पावलं मागे सरकले.

"ते कढईत आहे. अंगावर येत नाही," राधाबाई म्हणाल्या. त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आणि गळ्यात अडकवलेल्या झोळीत.

रतनराव गुमान पुढे झाले. एरवी त्यांनी तोडीस तोड उत्तर दिलं असतं. पाटबंधारे खात्यात जो माणूस साहेबाचं ऐकून घेत नव्हता, तो बायकोचं कशाला ऐकतोय. पण आज गरज त्यांची होती. दाराशी राधाबाईंची बॅग भरून ठेवलेली होती आणि त्यांचा मुलगा प्रज्ञेश आईला न्यायला हडपसरहून निघाला होता. प्लास्टर निघेपर्यंत आई त्याच्याकडे राहणार, बाबा इथे विश्रांतवाडीला. प्रज्ञेशच्या घरात आणखी एकाच माणसापुरती जागा होती. "तिथे दोन वेळचं करणार कोण?" असं त्यानं फोनवर विचारलं तेव्हा रतनराव म्हणाले होते, "मी." पलीकडे पोरगा बराच वेळ हसत होता.

म्हणून आज मक्याची उकड. आपल्यालाही काहीतरी रांधता येतं हे पोराला दाखवायचं आणि बॅग परत आत न्यायची, एवढाच बेत. राधाबाईंनी जाऊ नये असं त्यांना फार वाटत होतं. पण ते तोंडानं म्हणायचं सोडून गडी सकाळपासून लसूण सोलत बसला होता.

पहिली खेप फुकट गेली होती. त्यांनी वाटीभर पीठ एकदम ओतलं आणि कढईत ढेकळं झाली. राधाबाईंनी ती कालथ्यानं टोचून पाहिली. "गच्ची गळते ना, तिथे लावा," त्या म्हणाल्या.

"अगं, तू करतेस तेव्हा बरं होत नाही असं."

"मी पीठ वैरते. ओतत नाही."

तेही खरंच होतं. इतकी वर्षं रतनराव स्वयंपाकघराच्या दारात पेपर धरून ते बघत आले होते. राधाबाई डाव्या हातानं पीठ भुरभुरत सोडायच्या, उजव्या हातानं कालथा फिरवायच्या आणि मान वळवून त्यांच्याशी भांडायच्या, सगळं एकाच वेळी. गुठळी म्हणून कधी सापडली नाही. वर कढईच्या तळाची कुरकुरीत खरवड न चुकता त्यांच्याच ताटलीत पडायची.

"आता मी सोडते, तुम्ही हलवा," राधाबाई म्हणाल्या. "हात थांबवायचा नाही."

त्यांच्या डाव्या मुठीतून मक्याचं पिवळं भरड पीठ उकळीत पडू लागलं. रतनराव हलवू लागले. वाफेनं चष्मा आंधळा झाला, मिरचीनं नाक चुरचुरलं.

"उलटंही फिरवा. प्रदक्षिणा घालताय का?"

"हात भरून आला गं."

"माझा मोडलाय."

रतनराव हसले. राधाबाईंच्या गालाला पीठ लागलं होतं आणि त्यांचा खांदा रतनरावांच्या दंडाला टेकला होता. एका कढईपाशी ते दोघं असे कधी उभेच राहिले नव्हते. रतनरावांना फार बरं वाटलं. उकड आळून कडा सोडू लागली तेव्हा त्यांनी झाकण ठेवलं, गॅस बारीक केला, आणि बेल वाजली.

"जयभीम बाबा. आई, झाली ना तयारी?" प्रज्ञेशनं आत येता येता बॅगेला हात घातला.

"आधी जेव," राधाबाई म्हणाल्या.

रतनरावांनी ताटल्या भरल्या, वर कच्चं तेल सोडलं, कोथिंबीर टाकली. प्रज्ञेशनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि बापाकडे पाहिलं.

"तुम्ही केली?"

"मग काय हॉटेलातनं आणली?"

"एक गुठळी लागली."

"एकच ना?"

प्रज्ञेशनं ताटली बोटानं पुसून खाल्ली. "नाही, झकास झालीय. चला, मोठीच काळजी मिटली. बाबांचं इथे मजेत भागेल. आई, तू आता निर्धास्त चल."

रतनराव ताटली धरून तसेच बसले. सकाळपासून एवढा आटापिटा केला, पण त्याचा असाही अर्थ निघेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

राधाबाईंनी डाव्या हातातला घास ताटलीत परत ठेवला.

"मी कशी येऊ रे?" त्या म्हणाल्या. "ह्यांना एकट्याला जमत नाही. वैरायला कुणीतरी लागतंच. उकड काय एका माणसाचं काम आहे?"

प्रज्ञेशनं आईकडे पाहिलं, मग बापाकडे. तोही याच स्वयंपाकघरात वाढला होता. रतनरावांनी बायकोचं बोलणं खोडून काढायला सवयीनं तोंड उघडलं आणि मिटून घेतलं.

"बरं," प्रज्ञेश उठत म्हणाला. "मग आम्हीच रविवारी येतो."

"येताना मका भरडून आण," राधाबाई म्हणाल्या.

त्यानं बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली. रतनराव ओट्याशी गेले. कालथ्यानं हळूहळू त्यांनी तळाची खरवड सोडवली, आणली आणि राधाबाईंच्या ताटलीत वाढली.

"करपलीय," राधाबाई म्हणाल्या. मग डाव्या हातानं ती मोडली आणि मोठा तुकडा त्यांच्यापुढे धरला.