उजवा हात

"एकमेकांचा उजवा हात हाती घ्या," पाळकसाहेब सवयीनं बोलून गेले आणि चपापले. अख्खं चर्च नवरदेवाकडे पाहू लागलं.

फिलेमोनचा उजवा हात दीड महिन्यापूर्वी कारखान्यातल्या यंत्रात मनगटापासून तुटला होता. तेव्हापासून तो थोटा हात बाहीत लपवूनच वावरायचा. लग्न मोडा, असा निरोप त्यानं मार्थाला तीनदा धाडला होता. तिनं एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

आता तिनं तळवा पुढे केला. तो घाईनं डावा हात देऊ लागला.

"हा नको," ती हळूच म्हणाली. "उजवा द्या."

त्याच्या आईनं पदरात तोंड लपवलं. फिलेमोनला प्रभूचा शिष्य थोमा आठवला; क्रुसावर मेलेला प्रभू पुन्हा उठलाय, यावर त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा. लहानपणापासून त्याला थोमाचा राग यायचा. पण आपली जखम दुसऱ्यापुढे धरताना त्या प्रभूला काय वाटलं असेल, हे कधी मनातच आलं नव्हतं.

त्यानं बाही वर सारली. जखम पुरती भरली नव्हती. मार्थानं ती दोन्ही हातांत धरली, तशी कळ मस्तकात गेली.

"दुखतंय?"

"हो," तो म्हणाला. अपघातानंतर हे त्यानं पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.