शंभराच्या पुढचा बॉल

"हा शेवटचा!" हॉलिस ओरडला. मघापासून तो हेच म्हणत होता.

आखातातल्या जुफैरच्या अमेरिकन नेव्ही बेसवर शुक्रवारची सुट्टी होती. साल एक्याऐंशी. खलाशी हॉलिस नेव्हीत येण्याआधी एक सीझन प्रोफेशनल बेसबॉल खेळला होता. तिकडच्या मोठ्या लीगमध्येही ताशी शंभर मैलांच्या वेगाने बॉल टाकणारे फार थोडे. हॉलिसचा वेग दर वेळी जरासा कमी पडायचा. आज ऑफिसचे साहेब डॉसन वेग मोजायची रडार गन घेऊन आले होते. नेहमीचा कॅचर जहाजावर गेलेला, म्हणून साहेबांनी आपल्या टायपिस्टला, कॉर्नेलियसला, बॉल पकडायला बसवलं. वसईत तो विकेटकीपर होता, एवढं त्यांना पुरलं.

बॉल दिसायचाच नाही. नुसता ग्लोव्हमध्ये आदळायचा. डावा तळहात सुजून आत मावेना.

जाळीपलीकडून त्याची बायको रेजिना म्हणाली, "पुरे आता. हात बघ तुझा."

"थांब गं. आणखी एकच."

"मी नर्स आहे. मला नको शिकवू."

तेवढ्यात बघायला जमलेल्या खलाशांतून कुणीतरी ओरडलं, "गुड हँड्स, कॅचर!" कॉर्नेलियसने तिच्याकडे पाहिलंच नाही. इतक्या वर्षांत या बेसवर त्याच्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

हॉलिसने पाय उचलला. बॉल आला. ग्लोव्हच्या आत अंगठा मागे वळला, काहीतरी कट्‌कन वाजलं. पण बॉल त्याने सोडला नाही.

"हंड्रेड अँड वन!" डॉसन गन नाचवत धावले. सगळे हॉलिसकडे पळाले, त्याला खांद्यावर घेतलं. कॉर्नेलियस गुडघ्यांवर तसाच बसून राहिला. एक खलाशी त्याच्याकडे धावत आला. रेजिनाला वाटलं, हात बघायला. त्याने ग्लोव्हमधून बॉल काढून घेतला आणि तो परत पळाला.

"अंगठा मोडलाय," रेजिना गाडीत म्हणाली. "घरीच राहा उद्या."

"बघू."

शनिवारी तो ऑफिसला गेला. डावा हात प्लास्टरमध्ये होता. डॉसनसाहेबांनी बेसच्या बातमीपत्राचा मजकूर टेबलावर ठेवला. कॉर्नेलियस उजव्या हाताने एकेक अक्षर दाबत टाइप करू लागला. हॉलिसचं नाव होतं, वेग होता, गन कुणी धरली तेही होतं. बॉल कुणी पकडला, ते कुठेच नव्हतं. शेवटच्या ओळीपाशी त्याचा हात थांबला. मग होतं तेवढंच त्याने टाइप केलं.

डॉसनसाहेब दारात येऊन उभे राहिले. घड्याळाकडे बघत म्हणाले, "कॉर्नेलियस, आज एवढा स्लो का?"