सव्वीस जानेवारीचा नारळ

"उद्धवराव, पुढं या. नारळ तुम्ही फोडा."

मुख्याध्यापिका कुसुमताई असं म्हणाल्या आणि नारळासाठी पुढं झालेला अर्जुनरावांचा हात झेंड्याच्या खांबापाशी तसाच राहिला. उद्धवराव! कालपर्यंत नुसता उद्धव होता. परभणीकडचा, अर्जुनरावांच्याच चाळीतला भाडेकरू. रात्रपाळी करून कंपनीच्या कपड्यांतच आलेला.

कोणाच्या जमिनीवर हायस्कूल? अर्जुनरावांच्या वडिलांच्या, सावळारामांच्या.

कोणाच्या विहिरीच्या पाण्यावर भिंती उठल्या? सावळारामांच्या.

सव्वीस जानेवारीचा मान आजवर कोणाच्या घरात?

मग?

उद्धव कसनुसा झाला. "मालक, तुमीच फोडा की. माझं काय नडलंय?"

गर्दीतून वरच्या आळीचे अण्णासाहेब मिशीत हसले. "अर्जुनराव, तुमी भाडं घ्या न् गप बसा!"

लोक हसले. अर्जुनराव कुसुमताईंकडं वळले.

"बाई, मान आमचा हाय. आमच्या म्हाताऱ्यानं जागा दिलीया."

"नेमही त्यांनीच घालून दिलाय," कुसुमताई म्हणाल्या. "ज्याचं पोर शाळेत, त्यानं नारळ फोडायचा. तेवढ्या मानासाठी तरी लोक पोरं धाडतील म्हणून. तुमची नात संस्कृती गेल्या वर्षी दहावी होऊन गेली. आता सांगा, तुमच्या घरातलं कोण आहे इथं?"

कोणाचं पोर शाळेत?

फाटकाबाहेरून तळवड्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस गेली. खिडकीत टाय लावलेला नातू, स्वराज. त्याच्या मागच्या खिडकीत अण्णासाहेबांचा नातू सार्थक. स्वराजनं आजोबांना हात केला. अर्जुनरावांनी केला नाही.

उद्धवनं नारळ दगडावर आपटला. एका घावात दोन शकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात त्याच्या लेकीनं, विजयश्रीनं. मग तीच ताट घेऊन फिरली. अर्जुनरावांच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा पडला. गोड होता. तरी उरलेला त्यांनी खिशात टाकला.

घरी आल्या आल्या त्यांनी सुनेला हाक मारली.

"पुनम, स्वराजचं नाव तिथनं काढायचं. जूनला पाचवीत, आपल्या गावच्या शाळंत."

"आवं दादा, पण त्याचं इंग्लिश?"

"इंग्लिश गेलं खड्ड्यात! तिकडं त्यो उद्धव नारळ फोडतोय!"

जून. शाळेचा पहिला दिवस. अर्जुनराव स्वराजचं बोट धरून फाटकापाशी आले. वरच्या आळीकडून अण्णासाहेब येत होते. त्यांच्या बोटाला सार्थक.

दोघे थांबले. राम राम कोणीच घातला नाही. दोघांनी एकमेकांच्या हातातल्या पिशवीकडं तेवढं बघून घेतलं.

जानेवारी अजून लांब होता. दोन्ही पिशव्यांत नारळ होता.