गुडघ्याच्या वर चार बोटं

खेळाचे सर वर्गात एक चड्डी उंच धरून उभे होते. निळी, चकचकीत, बाजूला पांढरी पट्टी आणि खाली शाळेचं चिन्ह. समोर पहिली ते तिसरीच्या मुलांचे आईबाप पोरांच्या बुटक्या बाकांवर कसेबसे मावले होते.

"यंदापासून स्पर्धेला हाच सेट," सर म्हणाले. "टीशर्ट, चड्डी, मोजे. एकाच दुकानात मिळेल. सेट नसेल तर मूल धावणार नाही."

मग त्यांनी किंमत सांगितली. तिसऱ्या बाकावर एक आई बसली होती, दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करणारी. तिची एक मुलगी पहिलीत, एक तिसरीत. तिने मनातल्या मनात किंमत दुप्पट केली आणि तो आकडा तिच्या पगारात कुठेच बसेना. धाकटीचं नाव धावण्याच्या शर्यतीत आलं होतं. ती रोज संध्याकाळी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती आणि शेजाऱ्यांचं डोकं उठवत होती. आज निघताना नवऱ्याने बजावलं होतं, "काहीही बोल, पण पैशाचं काढू नकोस. उद्या पोरींना वर्गात ऐकून घ्यावं लागेल."

म्हणून ती उठली आणि म्हणाली, "सर, चड्डी फारच आखूड आहे हो. गुडघ्याच्या वर चार बोटं. मुलींना लाज वाटेल."

वर्गात एकदम जीव आला. "अगदी मनातलं बोललात ताई," दुसरीतल्या जुळ्यांचे आजोबा म्हणाले. टाय लावून आलेल्या गृहस्थांना एकच मुलगा, तरी त्यांनी मुलग्यांनाही संकोच असतोच की, असं ठणकावून सांगितलं. कुणी खरचटण्याचं काढलं, कुणी उन्हाचं. मागच्या बाकावरच्या बाईंनी डासांचा मुद्दा मांडला आणि तोही सगळ्यांनी मान्य केला. इतकी एकी त्या वर्गाने कधी पाहिली नसेल. आई खाली बसली ती सुटकेचा निःश्वास टाकूनच. आता चड्डी बारगळणार आणि पोरी आहे त्या कपड्यांत पळणार, अशी तिची खात्री झाली.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, इतका वेळ फळ्याजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी मान डोलावली.

"पटलं मला. लहान असली तरी त्यांनाही मन असतं. सर, चड्डी नको. पूर्ण ट्रॅकसूट ठेवू या. लांब पँट आणि वर जाकीट."

सरांनी दरांचा कागद उलटून पाहिला. "जवळजवळ दुप्पट पडेल, बाई."

"पडू दे. पालकांचीच इच्छा आहे."

वर्ग चिडीचूप झाला. ही शांतता आईच्या रोजच्या ओळखीची होती. दवाखान्यात खर्चाचा आकडा सांगितला की माणसं अशीच गप्प होतात आणि जरा वेळाने म्हणतात, दाढ आता तेवढी दुखत नाही. आजोबा चष्मा पुसत होते. टायवाले गृहस्थ बाकावर कर्कटकाने कोरलेलं काहीतरी फार लक्ष देऊन वाचत होते. डासांच्या बाईंना डासांबद्दल आणखी काही सुचेना.

आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, आणि सोबत सगळ्यांच्याही, हे तिला कळून चुकलं. गप्प बसावं तर धाकटी मैदानाच्या कडेला बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवणार. नवऱ्याने काय बजावलं होतं, तेही आठवत होतं. तरी ती पुन्हा उठली. या वेळी बाकाला धरून.

"बाई, मघाशी मी खरं कारण सांगितलं नाही. माझ्या पोरींना चड्डीचं काही वाटत नाही. घरी त्या चड्डीवरच हुंदडत असतात. कपडे महाग आहेत. दोन सेट मला झेपणार नाहीत. खरं तर एकही झेपत नाही."

तिचे कान तापले. आता कुणीतरी हसेल म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. कुणी हसलं नाही.

"आमची तर जुळी आहेत," आजोबा हळूच म्हणाले.

"मलाही जडच जाणार होतं," टायवाले गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी टायची गाठ सैल केली. मग मागून, पुढून, खिडकीजवळून आवाज येऊ लागले. डासांच्या बाई तर म्हणाल्या, "अहो, मला तर मोजेसुद्धा परवडत नव्हते."

मोठ्या बाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग इतका वेळ गुडघ्यांवर कशाला बोलत होतात?" विचारता विचारता त्यांनाच हसू फुटलं. "सर, ठेवून द्या ती चड्डी. घरात जे असेल ते घालून येऊ देत. पळता आलं म्हणजे झालं."

आईला इतकं हलकं वाटलं की तिला रडूच येईल असं झालं. तिने ते कसंबसं आवरलं.

सगळे बाहेर आले ते मोठमोठ्याने बोलतच. कुणी दप्तराची किंमत सांगत होतं, कुणी बुटांची, आणि बऱ्याच दिवसांनी मोकळेपणाने बोलायला मिळाल्यासारखे सगळे मैदानाच्या मधोमध घोळका करून उभे राहिले. बाहेर थांबलेली पोरं तोवर कंटाळून आपली आपणच शर्यत लावून मोकळी झाली होती. एकाच्या अंगात मोठ्या भावाचा शर्ट होता, एकीने फ्रॉकखालची विजार गुडघ्यापर्यंत दुमडली होती, एकाने चपला हातात घेतल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे धाकटी होती, अनवाणी, फ्रॉक विजारीत खोचलेली, धुळीने माखलेली, आणि ती थेट या घोळक्याच्या दिशेने सुसाट येत होती.

"आई, बाजूला हो ना," ती पळता पळताच ओरडली. "तुम्ही सगळे आमच्या रेषेवर उभे आहात."