मासे कधी येणार

"हेही नको." बाबांनी बादलीतून प्लायवूडचा तुकडा काढला, नाकाशी नेला आणि मान हलवली. "वास येतोय. ज्याचा आपल्याला वास येतो, ते त्या मुक्या जिवांनी रात्रंदिवस प्यायचं का?"

लेकीनं कपाळावर हात मारला. आईच्या पलंगाजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीकडेनं बादल्या मांडलेल्या, प्रत्येकीत प्लायवूडचा एकेक तुकडा बुडवलेला आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं सीलंट, म्हणजे गळती थांबवणारा लेप, फासलेलं. मधोमध प्लायवूडची पेटी उभी होती. तिला पुढून काच लागली की झाला माशांचा टँक. पण काच लागायची कधी, तर आतून सीलंट लागल्यावर. आणि सीलंट काही केल्या बाबांच्या मनाला येत नव्हतं.

दवाखान्यातून आईला घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेतलं होतं. "आता औषधांचं राहू द्या. त्यांना काय हवं, ते बघा." आईनं ना कुठं जायचं म्हटलं, ना काही खायला मागितलं. म्हणाली, "घरात मासे असावेत बाई. आणि पेटी विकतची नको. यांच्या हातची हवी."

बस्स! बाबा कामाला लागले. या माणसाचा जन्म गळत्या बंद करण्यात गेलेला. कुणाच्या छतातून थेंब पडला की निरोप यायचा आणि बाबा निघायचे. उजाडायच्या आत बाहेर, अंधार पडल्यावर घरात, तेही कोपरापर्यंत डांबर माखून. त्यांच्या कामाची एकच रीत. गच्ची सारवायची, तिच्यावर पाणी तुंबवायचं आणि राखणीला बसायचं. डब्यावर काय लिहिलंय त्यावर त्यांचा काडीइतका विश्वास नव्हता. तीच रीत आता आईच्या खोलीत चालली होती. डांबर बाद झालं, ते गच्चीला ठीक, माशांना नाही. न्हाणीघरातलं सिलिकॉन बाद झालं, त्यात बुरशी मारायचं औषध असतं आणि ते मासेही मारतं. एकाला बुडबुडे आले. एकाचा पापुद्रा नखानं निघाला.

वर आईची फूस.

"अहो, तो डावा कोपरा बघा ना जरा. मला तिथं फट दिसतेय."

"फट? माझ्या कामात?"

"दिसली ते सांगितलं. उद्या मासे भिजले तर मला बोलू नका."

बाबा हसत हसत गुडघ्यांवर बसायचे, बॅटरी घेऊन पेटीत डोकं घालायचे. बाहेर नुसती पाठ दिसायची. देवाची मूर्ती घडवावी तशा निगुतीनं कोपरा न कोपरा चाचपायचे. आई उशीला टेकून पाहत राहायची.

लेकीला मात्र दुसरंच दिसत होतं. आईचं मनगट काल होतं त्याहून आज बारीक होतं. पेज दोन चमच्यांवर थांबत होती. मासे बघायची एवढीशी इच्छा, आणि बाबा सीलंट निवडत बसलेत! एकदा तर तिचा आवाज चढलाच. "बाबा, आईकडे इतका वेळ नाहीये हो!" बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.  बाबा ओल्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिले.

शेवटी ती स्वतःच बाजारात गेली. चार दुकानं पालथी घातली, दुकानदारांची डोकी खाल्ली आणि एक डबा घेऊन आली. माशांना चालणारं, वास न येणारं, आज लावा नि उद्या पाणी भरा असं. बाबांनी डबा उजेडात धरला. थोडं तुकड्यावर फासलं, हुंगलं, वाळू दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तुकडा पाण्यात बुडवला. संध्याकाळी काढून नखानं खरवडून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"पोरी, जिंकलीस! मी इतके दिवस झक मारली. उद्या सीलंट, परवा मासे." आणि ते ब्रश धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथून त्यांचं गुणगुणणं ऐकू येऊ लागलं.

लेक आनंदानं आईकडे वळली. आईचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काय गं? दुखतंय का?"

आईनं तिचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "ते परत देऊन ये. सांग यांना, दुकानदाराची चूक झाली म्हणावं. दुसरं आण, चांगलं सावकाश वाळणारं."

"अगं, असं काय करतेस? परवा मासे येतील. बघायचेत ना तुला?"

"मासे कुणाला बघायचेत!" आईची नजर अंगणाच्या दाराकडे होती. "जन्मभर हे लोकांच्या गच्चीवर. आत्ता कुठं मी यांना पोटभर बघतेय."