बोहनी

काल भरबाजारात अवधूतनं अनसूयाचा फळांचा गाडा उलथवला आणि आडव्या आलेल्या तिच्या नवऱ्याचं डोकं गाड्यावरच्याच वजनानं फोडलं. आज सकाळी तिनं होटगी रोडला पुन्हा गाडा लावला, तर पहिलं गिऱ्हाईक म्हणून तोच दात काढत समोर उभा.

"मावशे, पपई काप की. गोड बघून."

अनसूयानं चांगली पिकलेली पपई निवडली, सुरीनं फोडी केल्या, कागदावर घालून त्याच्या हातात दिल्या. त्याची नोट कपाळाला लावली.

"लई भ्यालीस व्हय?"

"न्हाय. बोहनीचं गिऱ्हाईक लक्ष्मी असतंय, त्याला दुखवू न्हाय."

सुरी तशीच हातात धरून ती गाड्याच्या पुढं आली.

"झाली आता बोहनी."