छत्रीवाले आणि

पत्र्याची पाटी उतरेपर्यंत थोरला चार वेळा दुकानाबाहेर आला आणि चार वेळा आत गेला. जुन्या बाजारपेठेला तिचं मूळ रूप द्यायचं ठरलं होतं. नवा फुटपाथ झाला, दिवे लागले, झाडं लागली. आता दुकानांवरच्या सगळ्या पत्र्याच्या पाट्या काढायच्या होत्या. आपल्या पाटीमागे काय आहे, हे थोरल्याला पक्कं ठाऊक होतं. ते दिसू नये म्हणूनच तर त्याने ती बावीस वर्षांपूर्वी ठोकली होती.

पाटी उतरली. मागे वडिलांनी चुन्यात उठवून घेतलेली ठसठशीत अक्षरं, धुळीखाली शाबूत: छत्रीवाले आणि. तिथे मधली भिंत येत होती. भिंतीपलीकडे धाकट्याचं दुकान आणि त्याच्या माथ्यावर उरलेला शब्द: बंधू.

"मॅडम, हे बुजवून टाका," थोरला नगरपालिकेच्या इंजिनिअर मुलीला म्हणाला. "वाटलं तर मीच चढतो शिडीवर."

"काका, हा वारसा आहे. हात नाही लावता येणार."

"वारसा कोर्टात वाटून झालाय आमचा!"

"अक्षरं राहिलीत वाटायची," ती हसू दाबत म्हणाली.

त्याने आवाज खाली आणला. "शेजारचे काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं, तुम्ही काय म्हणालात."

ती पुढच्या दुकानाकडे गेली. थोरला गल्ल्यावर बसला, उठला, टांगलेल्या छत्र्या उगाच मागेपुढे केल्या. पलीकडे धाकट्याची हातोडी कुठल्याशा छत्रीच्या तारेवर टकटक करत होती. रोजचीच, पण आज ती डोक्यात जात होती. अर्धवट वाक्याखाली बसून धंदा करायचा म्हणजे काय! येणारा-जाणारा आधी वर बघणार, मग शेजारी बघणार, मग गालात हसणार.

एक बाई मोडकी छत्री घेऊन आली. आत पाऊल टाकण्याआधी तिने मान वर करून वाचलं.

"छत्रीवाले आणि... आणि काय हो?"

पलीकडची टकटक थांबली.

थोरल्याने तिची छत्री उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बावीस वर्षांत हा शब्द त्याने तोंडातून काढला नव्हता.

"बंधू," तो म्हणाला.

"ते कुठे असतात?"

"हे काय, शेजारीच."